लिव्हर मऊ लागतो की कडक? नवी पॅड घेण्याआधी हे ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोड बाइक पाच वर्षांची, रिम ब्रेक (रबराची पॅड चाकाच्या कड्याला, म्हणजे रिमला, दाबणारे), पॅड सायकलसोबत आलेलीच. तुमचं वजन ८५ किलो. सपाटीवर भागतं, पण लांब उतारावर बोटं दुखेपर्यंत दाबावं लागतं आणि रस्ता ओला असला की ब्रेक दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही. एकजण म्हणतो चांगली पॅड टाका, दुसरा म्हणतो रिम ब्रेक असलेच असतात, डिस्क ब्रेकची, म्हणजे चाकाच्या मध्याजवळच्या चकतीवर ब्रेक लागणारी, सायकल घ्या. कुठली पॅड घ्यावीत आणि खरंच फरक पडेल का, हे तुम्हाला हवं आहे.

फरक पडतो, आणि बऱ्याचदा लिव्हरला, म्हणजे हँडलवरच्या ब्रेकच्या दांडीला, हात लावताच कळावा इतका पडतो. स्वस्त आणि मधल्या सायकलींवर कंपनीकडून येणारी पॅड बहुधा टिकाऊपणा डोळ्यांसमोर ठेवून कडक रबराची केलेली असतात. पण मी वीस वर्षं सायकली दुरुस्त करतोय, आणि महागडी पॅड बसवूनही ‘ब्रेक होता तसाच आहे’ म्हणत आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांनी घेतलेली पॅड उत्तम होती. बिघाड दुसरीकडे होता आणि तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

म्हणून पॅडचं नाव सांगण्याआधी माझा तुम्हाला एक प्रश्न आहे. जोरात ब्रेक दाबता तेव्हा लिव्हर हाताला मऊ लागतो की कडक? ‘ब्रेक लागत नाही’ या एकाच वाक्यात दोन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पहिलीत लिव्हर दाबत जाल तसा आत येत राहतो, स्पंजासारखा, कधी हँडलला टेकेपर्यंत. म्हणजे तुमच्या बोटांचा जोर रिमपर्यंत पोचतच नाही, वाटेत कुठेतरी जिरतोय. दुसरीत लिव्हर थोडासा आत येऊन दगडासारखा थांबतो, बोटं पांढरी पडतात, आणि सायकल मात्र पुढे जात राहते. इथे जोर पोचलाय, पण पॅड आणि रिम एकमेकांना धरत नाहीत. नव्या पॅडचा खरा उपयोग या दुसऱ्या तक्रारीला. पहिलीला पॅड बदलून बोटभर फायदा झाला तर झाला.

तुमच्या लिहिण्यावरून, बोटं दुखतात म्हणता त्यावरून, मला दुसरी तक्रार वाटते. पण पाच वर्षं केबल बदललेली नसेल तर दोन्ही एकत्र असण्याचीच शक्यता जास्त. घरीच बघता येईल. सायकल उभी करा, एका हाताने पुढचा लिव्हर पूर्ण दाबून धरा आणि पुढे वाकून नीट बघा. पॅड रिमला टेकल्यानंतरही काय काय हलतंय? केबलवरच्या नळीचा, म्हणजे आउटरचा, हँडलजवळचा बाक सरळ होऊ पाहतोय का? आउटरचं टोक त्याच्या टोपीत आणखी आत शिरतंय का? कॅलिपरचे, म्हणजे पॅड रिमवर दाबणाऱ्या चिमट्याचे, हात वाकून पुढे खेचले जातायत का? पॅडचं रबर ते धरणाऱ्या होल्डरमध्ये पिळवटतंय का? ही प्रत्येक हालचाल म्हणजे वाया गेलेला जोर. मी हे गिऱ्हाइकाला शेजारी बसवून दाखवतो. एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं फार समजावावं लागत नाही.

आधी मऊ लिव्हरचं बघू. इथे दहातल्या सात वेळा दोष केबलचा. ब्रेकची तार साधारण १.६ मिलिमीटर जाडीची असते, आउटर ५ मिलिमीटरचा, आणि आउटरच्या आत चपटी तार गोल गोल गुंडाळलेली असते. हँडलच्या टेपखाली घाम मुरतो, आउटर आतून गंजतो, तार खरखरीत होते. मग लिव्हर दाबताना अर्धा जोर त्या घर्षणात जातो आणि सोडल्यावर पॅड आळसावल्यासारखी मागे येतात. तपासायची सोपी रीत: कॅलिपरकडचा बोल्ट सैल करून तार मोकळी करा, ती एका हाताने हलकेच ताणून धरा आणि दुसऱ्या हाताने लिव्हर चालवा. तार लोण्यासारखी सरकली पाहिजे. अडखळली, खरखर जाणवली, तर तार आणि आउटर दोन्ही बदला. नुसती तार बदलून जुना आउटर ठेवणं म्हणजे निम्मं काम. तार मोकळी आहे तोवर कॅलिपरही हाताने दाबून सोडून बघा, तो टचकन उघडला पाहिजे. नसेल उघडत तर त्याचे सांधे साफ करून तेलाचा एकेक थेंब सोडा. रिमवर फडकं टाकून.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. ब्रेकला गिअरचा आउटर कधीही लावू नका. तो ४ मिलिमीटरचा असतो, आत तारा लांबीच्या दिशेने सरळ पसरलेल्या असतात, आणि ब्रेकच्या जोराने त्या कवच फाडून बाहेर येऊ शकतात. हाताशी होता म्हणून लावलेला असा आउटर मी दोन सायकलींवर पाहिला आहे. दोन्ही वेळा तो मी मालकासमोर कापून टाकला. आउटर कापल्यावर त्याचं टोक कानशीने सपाट करायचं, आतलं तोंड दाभणाने गोल उघडायचं आणि टोपी बसवायची. तिरकं कापलेलं टोक टोपीत नीट टेकत नाही आणि प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की थोडं थोडं चेपत राहतं. एवढ्याशा गोष्टीने लिव्हर मऊ होतो.

मऊपणाचं, किंवा एकूणच जोर कमी पोचण्याचं, आणखी एक कारण आहे आणि ते सहज नजरेतून सुटतं. लिव्हर आणि कॅलिपर वेगवेगळ्या पिढीचे असतील तर ते एकमेकांना जुळतीलच असं नाही. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानोने ड्युरा-एस ७९०० या आपल्या सर्वांत वरच्या श्रेणीच्या संचापासून, म्हणजे २००८-०९ च्या सुमारास, लिव्हर जास्त केबल खेचेल अशी रचना केली आणि पुढे ती खालच्या श्रेणींतही आली. हे नवे लिव्हर जुन्या कॅलिपरला जोडले तर पॅड लवकर टेकतात, लिव्हर छान कडक लागतो, पण दाब कमी पडतो. उलट, जुना लिव्हर आणि नवा कॅलिपर लावला तर ब्रेक नको इतका जोरात लागतो. तुमची सायकल आली तशीच असेल तर हा प्रश्न नाही. मध्ये कुणी लिव्हर किंवा कॅलिपर बदलला असेल तर दोन्हींवरचे कोरलेले क्रमांक वाचून खात्री करा, कारण हा दोष पॅड बदलून जाणार नाही.

कॅलिपरच्या हाताची लांबीही बघा. मडगार्ड किंवा जाड टायर बसावेत म्हणून काही सायकलींना ४७ ते ५७ मिलिमीटर पोचेचे (कॅलिपरच्या बोल्टपासून पॅडपर्यंतचं अंतर) लांब कॅलिपर असतात, नेहमीच्या रोड बाइकला ३९ ते ४९ चे. पॅड खाचेत जितकं खाली बसवावं लागतं तितका दाब कमी होतो आणि हात जास्त वाकतो. स्वस्तातला लांब हाताचा कॅलिपर असेल तर जाड, चांगला कॅलिपर घेण्याने जितका फरक पडेल तितका कुठल्याच पॅडने पडणार नाही.

आता कडक लिव्हर, म्हणजे बहुतेक तुमची तक्रार. इथेही लगेच खरेदीला जाऊ नका. अर्धा तास काढा आणि चाक बाहेर काढून रिमची ब्रेक लागते ती पट्टी बोटाने चाचपा. बोटाला काळं लागलं, चिकट वाटलं, तर त्या थरावर कुठलंही पॅड घसरणारच. चेनवर फवारलेलं तेल, टायर चकाकवायचे द्रव, रस्त्यावरचं डिझेल हे सगळं तिथेच येऊन बसतं. स्वच्छ फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्टी पुसा, फडकं काळं होत राहील तोवर पुसत राहा. चेनला तेल घालताना एकेका कडीवर थेंब टाका. फवारा मारायचाच असेल तर मागच्या चाकाला फडक्याची आड धरा.

मग पॅड काढून हातात घ्या. त्याच्या कडेला अंगठ्याचं नख दाबा. चांगल्या रबरात नखाची खूण उमटते आणि हळूहळू भरून येते. नख घसरलं, टणक प्लॅस्टिकसारखं वाटलं, तर ते रबर म्हातारं झालंय. ऊन, उष्णता आणि वर्षं यांनी रबर कडक होतं, सायकल उभीच असली तरी होतं. पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत असेल तर तो नुसता वर वर भाजलेला असू शकतो. सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर पॅड आठ-दहा वेळा घासा. चकाकी जाऊन मखमली काळा पृष्ठभाग दिसला आणि नखही रुततंय, तर त्या पॅडमध्ये अजून जीव आहे.

चकाकत्या ठिपक्यांकडे विशेष लक्ष द्या. एका बाईंची सायकल एकदा माझ्याकडे आली, ब्रेक दाबला की वाळू भरडल्यासारखा आवाज. पॅड काढून दिव्याखाली धरलं तर काळ्या रबरात चांदीचे ठिपके. दाभणाच्या टोकाने एकेक उकरून काढले, सात निघाले, त्यातला एक तर नखाच्या चंद्रकोरीएवढा. त्यांनी ते तुकडे तळहातावर घेतले आणि विचारलं, ‘हे कशाचे?’ त्यांच्याच रिमचे. कडक रबर आणि खडीची धूळ मिळून रिमचं अॅल्युमिनियम ओरबाडतात, तो कण रबरात रुतून बसतो आणि मग तो कण रिमला आणखी ओरबाडतो. असं पॅड ब्रेकही कमी लावतं, कारण रबराच्या जागी धातूवर धातू घासतो. महिन्यातून एकदा पॅड तपासून हे कण काढणं, एवढ्याने रिमचं आयुष्य कितीतरी वाढतं.

रिमच्या झिजेचं तेव्हाच बघून घ्या. बऱ्याच रिमच्या पट्टीवर बारीक खाच किंवा खोलगट ठिपका असतो. तो दिसेनासा झाला की रिम संपली. खूण नसेल तर पट्टीवर स्टीलची पट्टी आडवी, स्पोककडून टायरकडे, टेकवून धरा. मधून उजेड स्पष्ट दिसला तर भिंत आतल्या बाजूला खोलगट झाली आहे. त्या भिंतीला टायरमधली हवा सतत बाहेर रेटत असते आणि ती पातळ झाली की फाटते. पुढच्या चाकाची रिम उतारावर फाटली तर सावरायला वेळ मिळत नाही. अशा रिमवर नवी पॅड बसवून द्यायला मी नकार देतो, गिऱ्हाईक नाराज झालं तरी.

इथवरचं पुन्हा एकदा सांगतो, कारण पुढे पॅडचीच गोष्ट आहे. लिव्हर मऊ असेल तर पैसे केबल आणि आउटरवर घाला. लिव्हर कडक असेल तर आधी रिम पुसा, पॅड घासा, कण काढा. त्यानंतरही ब्रेक लागत नसेल, किंवा नख रुतत नसेल, तर पॅड बदला. पाच वर्षांच्या मूळ पॅडबद्दल माझा अंदाज आहे की तुम्ही बदलायच्याच टप्प्यावर आहात.

कुठली घ्यायची हे सर्वांत आधी रिमवर ठरतं, आणि तुम्ही रिम कशाची ते लिहिलेलं नाही. अॅल्युमिनियमची धरून सांगतो. कार्बन असेल तर त्या रिमच्या कंपनीने सांगितलेलीच पॅड घ्या, त्यात स्वतःची निवड करू नका. कार्बनची रिम उष्णता पटकन सोडत नाही आणि चुकीच्या पॅडने ती खराब होते. आणि अॅल्युमिनियमवर वापरलेली पॅड कार्बनवर कधीच नकोत, आत रुतलेला एक कणही तिथे चर पाडतो. दोन जोडी चाकं आलटून पालटून वापरणाऱ्यांनी पॅडही दोन जोडी ठेवावीत.

अॅल्युमिनियमसाठी मी स्वतः बरीच वर्षं कूल-स्टॉपची साल्मन (नारिंगी-गुलाबी) रंगाची पॅड वापरतोय. ओल्यात ती नेहमीच्या काळ्या रबरापेक्षा लवकर धरतात आणि रिमला कमी ओरबाडतात. स्विसस्टॉपची निळी बीएक्सपी पॅडही उत्तम, कोरड्यात त्यांची पकड मला किंचित जास्त आवडते. शिमानोची आर५५सी४ ही त्यांच्या वरच्या श्रेणीच्या ब्रेकवर येतात. तुमच्याकडे सध्या एकसंध मूळ पॅड असतील तर एवढ्या बदलानेही तुम्ही समाधानी व्हाल. या तिघांत मी भांडण लावणार नाही. तुम्ही वारंवार ओल्यात चालवत असाल तर साल्मन घ्या, बाकी जे सहज मिळेल ते. मऊ रबर लवकर झिजतं हे मात्र धरून चाला. पॅड झिजणं हे रिम झिजण्यापेक्षा केव्हाही बरं.

रबराइतकाच महत्त्वाचा असतो होल्डर. सायकलसोबतची पॅड बऱ्याचदा एकसंध रबराच्या ठोकळ्यासारखी असतात, आत एक पातळ पत्रा. जोरात दाबलं की ती पिळवटतात. त्याऐवजी धातूचा होल्डर आणि त्यात सरकवायचं सुटं रबर अशी जोडी घ्या. होल्डर एकदाच घ्यावा लागतो, नंतर नुसतं रबर बदलायचं. शिमानो आणि स्रॅमच्या ब्रेकला एकाच आकाराची रबरं चालतात, कॅम्पॅग्नोलोचा आकार वेगळा, तेवढं पाकिटावर बघून घ्या. लांब पॅड घेतलं म्हणजे ब्रेक जास्त लागेल असं मात्र नसतं. एकूण जोर तितकाच असेल तर क्षेत्रफळ वाढून घर्षण वाढत नाही. लांब पॅड जास्त टिकतं आणि उष्णता थोडी पसरवतं, इतकंच.

बसवण्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण उत्तम पॅड वाकडं बसवलं की ते मूळ पॅडपेक्षाही वाईट वागतं. सुट्या रबराच्या होल्डरला एक तोंड बंद आणि एक उघडं असतं. बंद तोंड पुढे, सायकल जाते त्या दिशेला. उघडं तोंड मागे. ब्रेक दाबल्यावर फिरती रिम रबराला पुढे ओढते, आणि ते बंद भिंतीला टेकलं तरच जागेवर राहतं. एकाने घरी होल्डर बसवताना डावा-उजवा बदलला, शिवाय रबर धरून ठेवणारा बारीक स्क्रूही आवळला नाही. पहिल्याच जोरदार ब्रेकला रबर सरळ पुढे निघून रस्त्यावर पडलं आणि रिकामा होल्डर रिमवर खरडत गेला. सपाट रस्ता होता म्हणून तो बचावला. मी पॅड बसवून झाल्यावर आजही चारही होल्डरच्या उघड्या तोंडांवरून बोट फिरवतो आणि मगच सायकल स्टँडवरून उतरवतो.

उंची अशी ठेवा की दाबल्यावर पूर्ण पॅड रिमच्या पट्टीवर बसेल. वर टायरला एक केसभरही लागू नये, टायरची बाजू काही तासांत कापली जाते. खाली पट्टीच्या कडेबाहेरही लोंबू नये, नाहीतर तिथे न झिजलेला ओठ तयार होतो आणि तो रिमखाली अडकू शकतो. तुमचे ब्रेक ड्युअल पिव्हट, म्हणजे दोन हात दोन वेगळ्या सांध्यांवर फिरणारे, असतील तर आणखी एक बारकावा. पॅड झिजत जातं तसं एका बाजूचं पॅड वर, टायरकडे सरकत जातं आणि दुसऱ्या बाजूचं खाली. म्हणून आज अचूक बसवलं म्हणजे वर्षभर अचूक राहील असं नाही, मधून मधून नजर टाकत राहा.

ब्रेक ओरडत असेल तर पॅडचं पुढचं टोक मागच्यापेक्षा किंचित आधी टेकावं, अर्धा ते एक मिलिमीटर. मी मागच्या टोकाखाली जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालतो, लिव्हर दाबून धरतो आणि तसाच बोल्ट आवळतो. याने कर्कश आवाज थांबतो. काही घट्ट कॅलिपरना हा तिरकेपणा लागतच नाही. आधी सरळ बसवा, ओरडला तरच द्या. उगाच जास्त दिलात तर सुरुवातीला पॅडचं फक्त टोकच काम करतं आणि लिव्हर पुन्हा मऊ वाटायला लागतो. आवळायला टॉर्क की (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना) असेल तर शिमानोच्या ब्रेकला पॅडचा बोल्ट ५ ते ७ न्यूटन मीटर, केबलचा ६ ते ८, आणि कॅलिपर फ्रेमला धरणारा ८ ते १०. आवळताना होल्डर बोल्टबरोबर फिरू पाहतो, तो दुसऱ्या हाताने घट्ट धरा. चाक काढण्यासाठी कॅलिपरवर असलेला छोटा खटका बंद केलाय ना, तेही बघा. ‘ब्रेक अचानक गेला’ म्हणून आलेल्या सायकलींत तो उघडाच राहिलेला मी कितीदा पाहिला आहे.

आता तुमच्या उताराकडे आणि ओल्या रस्त्याकडे वळतो, कारण चांगल्या पॅडकडून काय अपेक्षा ठेवायची हे स्पष्ट असलेलं बरं. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. कोरड्या डांबरावर फक्त मागचा ब्रेक वापरला तर थांबायला साधारण १२ ते १४ मीटर लागतात, कारण वजन पुढे झुकतं, मागचं चाक हलकं होतं आणि घसरतं. पुढचा ब्रेक नीट वापरला तर तेच अंतर ७ मीटरच्या आसपास येतं. त्याहून कमी करायला गेलं की मागचं चाक उचलायला लागतं, मग पॅड कुठलंही असो. म्हणजे कोरड्यात ही मर्यादा सायकलच्या उंचीने आणि लांबीने ठरलेली आहे, आणि नीट जुळवलेला साधा रिम ब्रेकही तिथवर पोचतो. चांगलं पॅड तुम्हाला तिथे कमी जोरात पोचवतं. चार बोटांचं काम दोन बोटांनी होतं, आणि दोन बोटांनी दाबताना किती दाबायचं याचा अंदाज हातात राहतो. मला विचाराल तर नव्या पॅडची खरी कमाई हीच आहे, कारण बोटं थकली की माणूस घाबरून एकदम दाबतो.

म्हणून तुम्ही कुठे हात ठेवून ब्रेक दाबता तेही सांगा. लिव्हरच्या वरच्या भागावर, हुडवर, हात असले तर बोटं लिव्हरच्या सांध्याजवळ पडतात आणि तरफ आखूड मिळते. हँडलच्या खालच्या बाकात, ड्रॉप्समध्ये, हात नेले तर तोच लिव्हर टोकाकडून खेचला जातो आणि तेवढ्याच ताकदीत कितीतरी जास्त दाब बसतो. उतार सुरू होण्याआधी हात खाली घ्या, कंबर थोडी मागे सरकवा, कोपर सैल ठेवा. बोटं दुखण्याची निम्मी तक्रार काही न बदलता इथेच जाईल. हात लहान असतील तर बऱ्याच लिव्हरना ते हँडलजवळ आणायचा स्क्रू असतो, तोही वापरा.

उतारावर तुमचं वजन मध्ये येतं. तुम्ही आणि सायकल मिळून ९५ किलो धरले तर १०० मीटर उंची उतरताना सुमारे ९३ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एक लिटर पाणी २२ अंशांनी तापेल इतकी ती असते. वेगात जाल तेव्हा त्यातला मोठा वाटा हवा घेते. ब्रेक सतत हलका घासत हळू उतरलात तर जवळजवळ सगळा रिम घेते, रिम तापते, पॅड भाजून चकाकतात आणि लांब उतारावर ट्यूब फुटण्याची वेळ येऊ शकते. सरळ पट्ट्यात सायकल सोडा, वळणाआधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवा, पुन्हा सोडा. मध्ये मिळणारा वारा रिमला थंड करतो. उताराचा वेग तुम्हाला भीतीदायक वाटत असेल तर मात्र थांबत थांबत उतरा, त्यात काहीच कमीपणा नाही.

ओल्यात तो क्षणभराचा कोरा काळ पूर्ण जाणार नाही, हेही सांगतो. पॅडला आधी रिमवरचं पाणी पुसावं लागतं. रोड बाइकचं चाक एका फेऱ्यात सुमारे २.१ मीटर जातं, तेव्हा पुसायला दोन-तीन फेरे लागले तर चार ते सहा मीटर गेलेच. चांगलं रबर हे फेरे कमी करतं. बाकीचं तुम्ही करायचं: थांबायची शक्यता दिसली की आधीच हलकेच ब्रेक टेकवून रिम पुसून घ्या आणि मग खरा दाब द्या. ओल्यात पुढचं चाक घसरलं तर सावरत नाही, म्हणून वळणात पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. रिम स्टीलची असेल, जुन्या सायकलींना असते तशी, तर मात्र पॅडवर खर्च न करता अॅल्युमिनियमच्या रिमची चाकं घ्या. त्या रिमच्या ओल्या क्रोमच्या मुलाम्यावर कुठल्याही रबराचं फारसं चालत नाही.

डिस्कबद्दल एवढंच. ओल्यात आणि लांब उतारावर डिस्क ब्रेक नक्कीच चांगले, मी ते नाकारणार नाही. पण तुमच्या फ्रेमला आणि फोर्कला डिस्कसाठी जागा नसेल तर ते बसवता येत नाहीत, नवी सायकलच घ्यावी लागते. तुम्ही सांगितलेली लक्षणं बघता मी त्या निर्णयाआधी नवी केबल, स्वच्छ रिम आणि नवी पॅड करून बघेन. त्यातही पैसे थोडेच असतील तर आधी पुढच्या चाकाचं सगळं करा, मागचं पुढच्या महिन्यात.

नवी पॅड बसवल्यावर पहिल्याच दिवशी उतारावर जाऊ नका. रिकाम्या सपाट रस्त्यावर मध्यम वेगाने जाऊन, पूर्ण न थांबता, वीस-पंचवीस वेळा ठाम ब्रेक लावा. पॅडचा पृष्ठभाग रिमला जुळून येतो आणि पकड वाढत गेलेली तुम्हाला जाणवेल. पुढचा ब्रेक आता जास्त चावेल, तेव्हा हाताला नवीन दाबाची सवय होऊ द्या. नवी केबलही पहिल्या काही दिवसांत थोडी ताणते. लिव्हर सैल वाटला तर कॅलिपरवरचा बॅरल अॅडजस्टर (केबलचा ताण बदलायचा गोल स्क्रू) अर्धा-एक फेरा बाहेर काढा, पॅडचे चारही बोल्ट पुन्हा तपासा आणि पॅड टायरपासून दूर आहेत ना, ते वाकून बघा. लिव्हर आणि कॅलिपरवरचे क्रमांक आणि रिम कशाची आहे ते इथेच लिहा, म्हणजे कुठल्या मापाचं रबर घ्यायचं ते नेमकं सांगतो.